खडूच्या गोलातली किटली

इंगळे सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही की नाव विचारलं नाही. त्यांनी माझ्या चहाच्या कपाभोवती खडूनं एक गोल काढला. देऊळगाव राजाच्या शाळेत विज्ञान शिकवायला मी त्याच दिवशी रुजू झाले होते. शिक्षकखोलीत शिपायानं चहा आणून ठेवला, तोच समोर बसलेल्या गृहस्थांनी खिशातून खडू काढला, वाकून कपाच्या बुडाभोवती नीट रेघ फिरवली आणि म्हणाले, "आता उचला, प्या. पन याच जागी ठेवा." मी नाशिककडची. इथलं ऊन आणि इथलं पाणी यांबद्दल सगळ्यांनी बजावून पाठवलं होतं, खडूबद्दल कुणी बोललं नव्हतं. मी निमूट चहा प्यायले आणि कप गोलात ठेवला. "कपाचा कान उजवीकडं होता," ते म्हणाले. मी कप फिरवला. मग त्यांचं समाधान झालं आणि ते पुन्हा मांडीवरच्या कागदावर पेन्सिल चालवू लागले.

सर शाळेत चित्रकला शिकवत. चित्रकलेच्या तासाला शाळेत जी किंमत असते तीच तिथंही होती. परीक्षा जवळ आली की गणितवाले, इंग्रजीवाले येऊन त्यांचा तास मागून न्यायचे. सर कधी नाही म्हणाले नाहीत. फक्त म्हणायचे, "घ्या ना. पन पोरायले आधी एक कांदा पाहू द्या." मग वर्गात टेबलावर एक कांदा ठेवला जायचा आणि अख्खा वर्ग तो पाहत बसायचा. "काय दिसून राह्यलं?" पोरं एका सुरात सांगायची, कांदा. "कांदा नाव हाय त्याचं. नाव इसरा, मंग दिसते." थोड्या वेळानं एखादी पोरगी हळूच म्हणायची, सर, एका बाजूनं जांभळा आहे आणि खाली थोडा हिरवट. सरांचा चेहरा खुलायचा. "हां. अन् गोल हाय का तो? कांदा गोल नसते. कांदा वळते." एवढं झालं की ते खडू खिशात टाकून गणिताच्या सरांना वर्ग देऊन टाकायचे.

एकट्या बाईला गावात खोली मिळेना, तेव्हा सरांनीच आपल्या घराची पुढची खोली मला दिली. त्यामुळं शाळेतल्या माणसांना अर्धेच माहीत असलेले इंगळे सर मला पूर्ण पाहायला मिळाले. त्या घरात उत्तरेचा चांगला उजेड एकाच खिडकीतून यायचा आणि ती खिडकी स्वयंपाकघरात होती. साहजिकच सरांचं टेबलही तिथंच होतं. एका बाजूला सरांच्या पत्नीचा, शांताकाकूंचा ओटा, दुसऱ्या बाजूला सरांची मांडणी. मांडणी म्हणजे काय, तर काकूंचीच किटली, काकूंचाच तांब्या, काकूंचीच पितळी परात आणि भाजीच्या टोपलीतून उचललेलं काहीबाही. सफरचंदं आणून सडेपर्यंत चित्र काढत बसण्याची चैन मास्तराच्या घरात परवडणारी नव्हती. आमच्याकडं सीताफळं, लिंबं आणि मिरच्या मॉडेल म्हणून बसत.

अडचण एवढीच होती की त्या घरात किटली एक होती आणि तिच्यातच चहाही व्हायचा असे. खडूचा शोध त्यातून लागला होता. टेबलावर प्रत्येक वस्तूच्या बुडाचा गोल काढलेला असायचा. काकू गोलातून किटली उचलायच्या, चहा करायच्या, घासायच्या आणि परत गोलात ठेवायच्या. "मी सैपाक करून राह्यली का तुमच्या चित्राची हमाली करून राह्यली?" असं रोज एकदा तरी विचारायच्या, पण ठेवायच्या मात्र बरोब्बर. काकूंचं माहेर दुसरबीडचं. भावानं तिथून धाडलेली भरिताची वांगी सरांनी एकदा मांडणीत ठेवली. चित्र अर्ध्यावर आलेलं, आणि संध्याकाळी शाळेतून येऊन पाहतात तर गोल रिकामे आणि ताटात भरीत. सरांनी भरीत दोनदा मागून घेतलं, हात धुतले आणि राहिलेली वांगी आठवणीवरून रंगवली. पुढं त्याच चित्रापाशी उभं राहून पाहुण्यांना सांगायचे, "डावीकडची पाहून काढली. उजवीकडची खाऊन काढली." पाहुणे नेहमी उजवीकडचीच छान म्हणायचे.

जालन्याच्या रद्दीवाल्याकडं मिळालेलं एक बिनकव्हरचं जुनं पुस्तक सरांच्या उशाशी असे. त्यात परदेशी चित्रं होती. चित्रकारांची नावं सर उच्चारत नसत. एकाला ते सफरचंदवाले बुवा म्हणायचे आणि दुसऱ्याला सूर्यफूलवाले. सूर्यफूलवाल्याबद्दल आदरानं म्हणायचे, "यानं रंग लावला नाई. गिलावा केला." सफरचंदवाल्या बुवांवर मात्र माझा राग होता. त्यांच्या एका चित्रात टेबल असं कललेलं होतं की सगळी फळं पोटात येऊन पडायला हवीत. शिवाय टेबलाची कड कापडाच्या डावीकडं एका उंचीवर होती आणि उजवीकडं दुसऱ्याच. मी विज्ञानवाली. मी म्हटलं, "सर, हे सरळ सरळ चुकलंय." सर समजावू लागले, की मॅडम, तो माणूस एका जागी डोळा खिळवून बसला नाही, कधी इकडून पाहिलं, कधी तिकडून, आणि दोन्ही खरं होतं म्हणून दोन्ही ठेवलं. भाकरी थापता थापता काकू म्हणाल्या, "त्याच्याबी घरी सैपाक होत असन. बायको उचलून घेऊन जात असन." सर इतके हसले की हातातला ब्रश सदऱ्याला पुसून बसले. त्यानंतर ते पुस्तक उघडलं की त्या चित्रापाशी थांबून ते काकूंकडं पाहायचे आणि काकू मान फिरवायच्या.

रविवारी सर मलाही बसवायचे. मला चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शिकवलं की मला येतं अशी माझी समजूत होती. एकदा मी एक पेरू रंगवला. ओला ब्रश फिरवून फिरवून असा गुळगुळीत केला, की उचलून खावासा वाटावा. स्वतःवर खूश होऊन सरांना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला. "लय साजरा झाला," ते म्हणाले, "पन खोटं बोलून राह्यला हा." मला राग आला. त्यांनी कोरडा सपाट ब्रश माझ्या हातात दिला. "घासू नका मॅडम. रंग ठेवा. ठेवला का हात उचला. ब्रश कुठून आला अन् कुठी गेला, दिसू द्या. मानसानं काढलं हे कळलं पायजे. पाहनाऱ्याले फसवाचं नाई, दाखवाचं." मी चार फटकारे मारले. जवळून तो चिखल होता. दाराशी जाऊन मागं वळून पाहिलं तर खिडकीच्या उजेडात एक पेरू बसला होता. त्या पेरूचा मला आजही अभिमान आहे, आणि तो माझ्या एकटीचा नाही हेही मला ठाऊक आहे.

पुढं मी गावातच घर केलं, सर निवृत्त झाले, त्यांचा मुलगा मिलिंद नोकरीला पुण्यात स्थिरावला. रविवारचं माझं जाणं चालूच होतं. एका रविवारी सर मला दारातच भेटले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आज किटली तांब्याच्या गोलात होती." मला वाटलं काकू रागावल्या असतील. सरांनाही आधी तसंच वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी परात खाली जमिनीवर होती आणि काकू गोलांकडं पाहत उभ्या होत्या. दुसऱ्या कुठल्याही घरात ही गोष्ट इतक्या लवकर कुणाच्या लक्षात आली नसती. जालन्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की विसरणं वाढत जाईल, औषधानं थोडं सावकाश होईल, इतकंच.

मिलिंद धावत आला. तो आला त्याच आठवड्यात काकूंनी दूध गॅसवर ठेवलं आणि अंगणात जाऊन बसल्या. पातेलं जळून काळं झालं. मिलिंद घाबरला, आणि त्याचं घाबरणं खोटं नव्हतं. तो म्हणाला, दोघंही पुण्याला चला, स्वयंपाकाला बाई आहे, आईनं गॅसपाशी जायचंच नाही. काकूंना सगळं कळलं नसावं, पण "गॅसपाशी जायचं नाही" हे कळलं. त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. "मंग मी काय करू?" एवढंच म्हणाल्या. सरांनी मुलाकडं पाहिलं. "दिवाळीपावतर थांब," ते म्हणाले. "गॅसजवळ मी उभा राहतो. दिवाळीले ये. इनं तिच्या हातानं तुले चहा पाजला तर आमी इथीच. नाई जमलं तर मी सोता बॅग भरतो." मिलिंद कबूल झाला. तेव्हापासून दिवाळीपर्यंत त्या घरात दुसरा विषय नव्हता.

जायच्या आधी मिलिंदनं सगळ्या डब्यांना छापील चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. साखर, मीठ, हळद. काकू चिठ्ठी मोठ्यानं वाचायच्या, "साखर", आणि मिठाचा डबा उघडायच्या. शब्द तोंडात होता, वस्तूपर्यंत पोचत नव्हता. सर मला म्हणाले, "जन्मभर पोरायले सांगत आलो, नाव इसरा, मंग दिसते. हिनंच ऐकलं माझं." ते हसले आणि लगेच खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चिठ्ठ्या ओल्या करून काढून टाकल्या आणि कपाटातून ऑइलपेंट काढला.

फडताळाच्या फळ्यांवर त्यांनी प्रत्येक भांड्याच्या बुडाचा गोल काढला, यावेळी खडूनं नाही, पक्क्या रंगानं. डब्यांवर त्यांनी आतल्या जिन्नसांची चित्रं काढली. आणि इथं सर चुकले. काकूंना ओळख पटलीच पाहिजे या धाकानं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गुळगुळीत चित्रं काढली. मिरचीच्या डब्यावरची मिरची तर अशी हुबेहूब, की देठावरची लव मोजावी. मी तिथं होते. काकूंनी डबा पाहिला, त्यांना ठेचा आठवला असावा. त्या नखानं मिरची उचलू लागल्या. उचलली जाईना. पुन्हा नख लावलं, मग दोन्ही हातांनी खरवडायला लागल्या. "निघत काऊन नाई हे? काऊन निघत नाई?" त्यांचे डोळे भरून आले, मग रागानं त्यांनी डबा लोटून दिला. काकूंची नखं लाल झाली होती. सरांनी त्यांचे हात पंच्यानं पुसले आणि म्हणाले, "चुकलं माझं. फसवलं मी तुले."

मला माझा पेरू आठवला. सरांनाही आठवला असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिलं तर सर खिडकीशी बसून डबे खरवडत होते. मग त्यांनी सपाट ब्रश घेतला. मिरचीला तीनच फटकारे दिले. एक लाल, त्याच्या पोटाशी एक काळपट, आणि वर हिरव्या देठाचा एक ठिपका. रंग इतका जाड की बोटाला लागावा. साखरेला पांढरे ठिपके आणि त्यांच्याखाली निळी सावली, मिठाला करडे खडबडीत फटकारे, चहापत्तीला कोरड्या ब्रशची तपकिरी ओढ. कुठलंच चित्र जवळून वस्तूसारखं दिसत नव्हतं आणि दारातून प्रत्येक ओळखू येत होतं. काकू आल्या. मिरचीच्या डब्यासमोर थांबल्या. त्यांनी बोट लावलं, रंगाच्या उंचवट्यावरून वरून खाली फिरवलं. "रंग हाय," त्या म्हणाल्या. थोडं थांबल्या. "मिरचीचा." आणि झाकण उघडलं. सरांनी ब्रश पाण्यात बुडवला, ऑइलपेंटचा ब्रश पाण्यात, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

काकू एकदम बऱ्या झाल्या असं कुणी समजू नये. काही दिवस त्या कशालाच हात लावायच्या नाहीत. काही दिवस फक्त भांडी उचलून त्यांच्या त्यांच्या गोलात ठेवत बसायच्या, पुन्हा पुन्हा. सर म्हणायचे, "ठेवू दे. माझी मांडनी झाली." रोज एक चहा मात्र ते त्यांच्याकडून करून घेत. सर गॅसच्या बटणापाशी उभे, काकू फळ्यांसमोर. सर सांगत काहीच नसत. मी एकदा न राहवून "काकू, तो पांढऱ्या ठिपक्यांचा" म्हणून गेले, तर सरांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी पुढं तोंड उघडलं नाही.

दिवाळीला मिलिंद आला. फराळाचं त्यानंच पुण्याहून आणलं होतं. चहाची वेळ झाली तशी सगळी, शेजारपाजारची माणसंही, स्वयंपाकघराच्या दाराशी गोळा झाली आणि मी काकूंना सांगितलं, "काकू, मिलिंदला चहा." काकूंनी सगळ्यांकडं पाहिलं. एवढी माणसं पाहून त्या बावरल्या. हात पदराशी गेला आणि तिथंच राहिला. मिलिंदनं वडिलांकडं पाहिलं. सर हलले नाहीत. त्यांची नजर फळीवरच्या किटलीवर होती, जणू ते चित्रच काढत होते. काकूंनी ती नजर कुठं गेलीय ते पाहिलं. मग पुढं झाल्या, किटली तिच्या गोलातून उचलली, पाणी घातलं, सरांनी गॅस लावला. डब्यांसमोर आल्यावर त्यांनी एकेका चित्राला बोट लावलं. मीठ सोडलं. हळद सोडली. पांढऱ्या ठिपक्यांवर बोट थांबलं. साखर पडली, पत्ती पडली, दूध सरांनी हातात दिलं. चहा गाळून झाल्यावर काकूंनी किटली घासली, पुसली आणि गोलात ठेवली. जरा मागं सरून पाहिलं, आणि तिची चोच खिडकीकडं वळवली.

मिलिंद चहा घेऊन अंगणात गेला. साखर दुप्पट झाली होती. तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि परतीच्या दिवशी एकटाच बसस्टँडवर गेला.

त्यानंतर काकूंनी आपल्या ओट्याशी काही वर्षं काढली. चांगली वर्षं असं मी म्हणेन, सरही म्हणत. गोलांचा रंग उडाला की सर तो नव्यानं काढत, आणि वस्तूंची चित्रंही काढतच होते, खिडकीशी, त्याच टेबलावर. मग एका उन्हाळ्यात दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. सकाळी काढायला घेतलेली किटली फलकावर अर्धी होती. माणसं जमली, रडारड झाली. काकू गर्दीतून वाट काढत आत गेल्या आणि त्यांनी सरांचा कप फळीवरून काढून टेबलावरच्या गोलात ठेवला. मिलिंद दारात उभा राहून ते पाहत होता.

आता काकूंना न्यायचंच होतं, त्यात वाद नव्हता. जायच्या आदल्या दिवशी मिलिंद स्वयंपाकघरात नुसताच उभा होता. मी म्हटलं, "फळ्यापण ने." तो म्हणाला, "तिकडं सगळं बंद कपाटांचं आहे, ताई." मग थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "स्क्रूड्रायव्हर आहे का?" फळ्या उतरल्या, डबे उतरले, किटली उतरली. टेबल मोठं म्हणून मागं राहिलं. ते माझ्याकडं आहे. त्यावर मी मुलांच्या वह्या तपासते आणि कधीकधी एक कांदा ठेवून पाहत बसते. गेली कित्येक वर्षं मी मुलांना डोळ्याची रचना शिकवते, भिंग, पडदा, मज्जातंतू. पाहायचं कसं ते मला इंगळे सरांनी शिकवलं. हे ऋण मी आनंदानं अंगावर बाळगते.

मागच्या सुट्टीत पुण्याला गेले होते. मिलिंदच्या चकचकीत स्वयंपाकघरात, काळ्या ग्रॅनाइटच्या वर, देऊळगावच्या तेलकट फळ्या ठोकलेल्या आहेत. काकूंनी मला ओळखलं नाही. माझ्याकडं हसून पाहिलं, आल्या माणसाला चहा हवा एवढं त्यांना समजलं. मिलिंद गॅसच्या बटणापाशी उभा राहिला. कुठला डबा ते त्यानं सुचवलं नाही, मीही नाही. काकूंचं बोट डब्यांवरून फिरलं, पांढऱ्या ठिपक्यांवर थांबलं.

कप त्यांनी माझ्यापुढं ठेवला. मी हात पुढं केला तर म्हणाल्या, "थांबा." त्यांनी बशीत सांडलेल्या चहात बोट बुडवलं आणि कपाच्या बुडाभोवती टेबलावर सावकाश एक गोल काढला. थरथरता होता, पण पूर्ण झाला. मग माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "आता उचला, प्या. पन याच जागी ठेवा."

मी चहा प्यायले. साखर दुप्पट होती. कप गोलात ठेवला आणि त्याचा कान उजवीकडं केला.